सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा टोलनाका आणि रुंद चाकाचा हिशोब

2025 च्या उन्हाळ्यात दोन महिने मुलीकडे होतो, अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला. तिच्या घराजवळून लँकेस्टर गावाकडे जाणारा जुना रस्ता आहे. संध्याकाळी त्याच्या कडेनं फिरायला जायचो. वाटेत लोखंडी खांबावर एक निळा फलक लागतो, पेन्सिल्व्हेनिया राज्यानं लावलेला, त्यावर पिवळी अक्षरं. याच वाटेनं अमेरिकेतला पहिला लांब पल्ल्याचा टर्नपाइक जात होता, एवढंच तो सांगतो. मोटारी त्याच्यासमोरून सुसाट जातात, थांबून वाचणारं कुणी दिसत नाही.

त्याच रस्त्यावर पुढे गवतात गुडघ्याएवढा एक दगड आहे. वरचा कोपरा फुटलेला, अंगावर शेवाळ. मी बोटानं घासून पाहिलं तेव्हा एक आकडा आणि शेवटी ‘पी’ हे अक्षर हाताला लागलं. ‘पी’ म्हणजे फिलाडेल्फिया, आकडा म्हणजे मैल. बांधकाम खात्यात रस्त्यांवरच नोकरी संपवली असल्यानं मैलाचा दगड दिसला की माझा पाय थांबतोच.

नेमकं त्याच दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोलवरून वाद पेटला होता. 15 ऑगस्टपासून फास्टॅगचा 3000 रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला. खाजगी मोटारीला वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. मेहुण्यांनी पास काढला आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुन्हा पैसे कापले गेले. ते चिडले. आपण रोड टॅक्स भरतो, पेट्रोलवर कर भरतो, आता पासही काढला, मग हे काय? त्यांना ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना. म्हणून त्या फलकाचा आधार घेऊन हे सविस्तर लिहितो आहे.

टर्नपाइक म्हणजे काय, आणि ती जकात का नव्हे

टर्नपाइक म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला, फिरवून बाजूला करता येणारा दांडा. पैसे दिले की दांडा फिरायचा, वाट मोकळी व्हायची. पुढे दांड्याचं नाव रस्त्यालाच चिकटलं. आपल्याकडे आजही कुणी ‘टोलनाक्यापाशी उतरव’ म्हणतं आणि नाका केव्हाचाच उठलेला असतो, तसंच.

आपल्या बोलण्यात टोल आणि जकात यांची सरमिसळ होते, ती आधी सोडवू. जकात मालावर असते. मुंबईत 2017 पर्यंत होती, वस्तू आणि सेवा कर आल्यावर गेली. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, सातवाहनकाळात व्यापारी त्यात जकात टाकत अशी परंपरेनं चालत आलेली समजूत आहे. ती वसुली राजाची, राज्यासाठी. टोल वेगळा. तो रस्ता वापरण्याचा मोबदला आहे आणि तो त्याच रस्त्यासाठी खर्च व्हावा ही अपेक्षा त्याच्या जन्मापासून त्याला जोडलेली आहे. एखाद्या टोलबद्दल लोक चिडतात तेव्हा बहुतेक वेळा हीच अपेक्षा मोडलेली असते.

रस्ता सरकारनं का नाही बांधला?

त्या काळच्या रस्त्यांची व्यवस्था कशी होती ते पाहिलं की उत्तर मिळतं. इंग्लंडमध्ये 1555 च्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, लोकांनी वर्षातले चार दिवस, पुढे सहा दिवस, रस्त्यावर बिनपगारी राबायचं ठरलं. वेठच ती. गावातल्या गावात जाणाऱ्या वाटेला हे चालून गेलं. पण ज्या गावावरून हमरस्ता जायचा, तिथल्या लोकांनी परक्या व्यापाऱ्यांच्या गाड्यांनी फोडलेला रस्ता का दुरुस्त करावा? लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या हमरस्त्यावर धान्याच्या गाड्यांनी असा चिखल केला की 1663 मध्ये संसदेनं तीन काउंटींना, म्हणजे जिल्ह्यांना, तिथं पैसे घ्यायची परवानगी दिली. वेड्समिल या गावी दांडा आडवा पडला. पुढे हे लोण इतकं पसरलं की 1830 च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये असे रस्ते चालवणारी हजारावर मंडळं होती.

अमेरिकेतली अडचण आणखी वेगळी. स्वातंत्र्ययुद्ध नुकतंच संपलेलं, राज्यं कर्जात. लँकेस्टरच्या परिसरात गहू भरपूर पिकायचा, गिऱ्हाईक आणि बंदर फिलाडेल्फियात. मध्ये 62 मैल, म्हणजे साधारण 100 किलोमीटर. चार-सहा घोड्यांच्या, ताडपत्री ताणलेल्या मोठमोठ्या गाड्या त्या वाटेनं यायच्या आणि पावसाळी दिवसांत आसापर्यंत, म्हणजे चाकांमधल्या कण्यापर्यंत, रुतायच्या. राज्याकडे पैसा नाही आणि शेतकऱ्याला थांबायला वेळ नाही. तेव्हा 9 एप्रिल 1792 ला पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळानं एका कंपनीला सनद दिली. रस्ता तुम्ही बांधा, पैसे लोकांकडून घ्या, अटी आमच्या.

शेअर 300 डॉलरचा, एकूण हजार. मागणी इतकी आली की चिठ्ठ्या काढून शेअर वाटावे लागले. विल्यम बिंगहॅम हे धनाढ्य गृहस्थ कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले. एकूण खर्च सुमारे 4 लाख 65 हजार डॉलर आला, मैलाला साडेसात हजार पडले. 1795 पर्यंत रस्ता वाहता झाला. वाटेत नऊ नाकी बसली.

गावात विहीर हवी आहे, ग्रामपंचायतीकडे पैसा नाही, तर दहा जणांनी वर्गणी काढून ती खणायची आणि घागरीमागे काही ठरवायचं, असा हा व्यवहार. आज आपण यालाच ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणतो. फरक इतकाच की लँकेस्टरच्या सनदेत हस्तांतराची तारीख नव्हती. त्याचे परिणाम पुढे येतील.

पहिल्या पावसात रस्ता खचला

सनदेत 50 फूट रुंदी आणि त्यातले 21 फूट कठीण पृष्ठभाग असं मोजमाप होतं. पण कठीण म्हणजे कसा, हे कंत्राटदारांना नीट उमगलं नव्हतं. हाताला लागतील ते दगड, लहान-मोठे सगळे, एकत्र टाकले आणि वरून बारीक खडी पसरली. जोराचा पाऊस आला तशी खडी फटींतून खाली गेली, मोठे दगड उघडे पडले, मध्ये खड्डे झाले आणि घोड्यांचे पाय त्यांत अडकून मोडले. लोकांनी सभा घेऊन विधिमंडळाचा आणि कंपनीचा निषेध केला. मग दगड फोडून बारीक करून रस्ता पुन्हा घडवला.

हे वाचताना मला वाईटही वाटलं आणि ओळखही पटली. रस्त्याचे दगड एकमेकांत अडकून बसले पाहिजेत, हे खडीकरणाचं सगळं सार आहे. डब्यात बटाटे भरले की मध्ये पोकळी राहते आणि डबा हलवला की ते गडगडतात. तांदूळ भरले की दाबून बसतात. मॅकॅडम या स्कॉटिश माणसानं नंतर हेच शास्त्र म्हणून मांडलं: दोन इंचांच्या आतले, धारदार कडांचे दगड, थरावर थर, आणि खालची माती कोरडी. चाकांच्या दाबानंच खडी घट्ट होत जाते. त्याच्या पद्धतीनं अमेरिकेत पहिला रस्ता मेरिलँडमध्ये 1823 मध्ये झाला. त्यातली कोरड्या मातीची अट सगळ्यांत महत्त्वाची आहे. रस्ता दगडांवर उभा असतो असं वाटतं, पण शेवटी सगळं ओझं पेलते ती खालची माती, आणि ती भिजली की वर काहीही घाला, खचणारच. म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता ठेवायचा आणि गटार मोकळं ठेवायचं. आपल्याकडे जूनमध्ये डांबराला नावं ठेवतात, पण मी पाहिलेले निम्मेअधिक खड्डे तुंबलेल्या गटारापाशी सुरू झालेले होते.

रुंद चाकाला कमी पैसे, असं उलटं का?

या रस्त्याच्या दरपत्रकात मला सगळ्यांत आवडलेला भाग हा. हे दर प्रत्येक दहा मैलांसाठी होते. वीस मेंढ्यांचा कळप असेल तर डॉलरचा आठवा हिस्सा, वीस गुरांना पाव डॉलर, स्वाराला घोड्यासकट सोळावा हिस्सा. मालगाडीचा दर मात्र चाकाच्या रुंदीवर. चाक चार इंचांपर्यंत असेल तर दर घोड्यामागे आठवा हिस्सा. चार ते सात इंच असेल तर सोळावा, म्हणजे निम्मा. त्याहून रुंद चाकाला त्याहून कमी.

ज्यानं बैलगाडी पाहिली आहे त्याला हे समजवावं लागत नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवलेली असते, ती बोटभर रुंद. भरलेली गाडी ओल्या वाटेवर गेली की धाव चाकूसारखी आत घुसते आणि मागे दोन घळी पडतात. पुढची गाडी त्याच घळीतून जाते, ती आणखी खोल होते. ‘चाकोरी’ हा शब्द तिथूनच आला. ओल्या वाफ्यात चालायचं तर आपण फळी टाकून चालतो, कारण तेच वजन रुंद जागेत पसरतं. रुंद चाक म्हणजे गाडीनं आपली फळी बरोबर आणणं. उलट ते रस्ता रोलरसारखा दाबून देतं.

वजनकाट्याशिवाय, यंत्राशिवाय, फक्त एक पट्टी लावून नाक्यावरचा माणूस ठरवू शकत होता की ही गाडी रस्त्याला किती जखम करणार. आणि ज्याला पैसे वाचवायचे तो सुताराकडे जाऊन रुंद चाकं करून घेणार, त्याचा फायदा सगळ्यांनाच. दरपत्रक कसं असावं याचा इतका स्वच्छ नमुना मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

‘रोड टॅक्स भरतो, मग टोल कशाला?’

आता मेहुण्यांच्या प्रश्नाकडे. सोसायटीत लिफ्ट बसवायची ठरली की तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही चढत नाही, आम्ही का द्यायचं? वरचे म्हणतात, लिफ्टनं इमारतीची किंमत वाढते, तुमच्या घराचीही वाढेल. दोघंही खरं बोलत असतात. रस्त्याचंही तसंच. जो वापरतो त्याला फायदा होतोच, पण न वापरणाऱ्यालाही होतो, कारण भाजी स्वस्त येते आणि रुग्णवाहिका वेळेवर पोचते. सगळ्यांच्या फायद्याचा वाटा करातून यावा, वापरणाऱ्याचा टोलमधून, असा हा विचार आहे.

गोंधळ होतो तो मालकीमुळे. गाडी घेताना भरलेला मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. इंधनावरचा रस्ते उपकर केंद्राकडे जातो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे. वार्षिक पास केंद्राच्या मार्गांसाठी आहे, म्हणून द्रुतगती मार्गावर तो चालत नाही. फास्टॅग सगळीकडे एकच असल्यानं दांडाही एकाच मालकाचा आहे असं वाटतं, पण प्रत्येक दांड्यामागचा मालक वेगळा आहे आणि त्याचं कर्जही वेगळं.

टोल मूळ कर्जासाठी असतो, हा मुद्दा नीट पकडावा. करातून रस्ता बांधायचा तर आधी पैसा साठवावा लागतो आणि रस्ता दहा वर्षांनी मिळतो. टोलमध्ये रस्ता आज मिळतो, पैसे दहा-वीस वर्षं फेडायचे. घराच्या हप्त्यासारखं. आणि घराच्या हप्त्याबद्दल आपण जे विचारतो तेच इथंही विचारायचं: मुद्दल किती उरली?

‘मग टोल संपतो कधी?’

लँकेस्टरच्या सनदेत याचं अर्धंच उत्तर होतं, पण ते अर्धं उत्तर फार विचार करून लिहिलेलं आहे. नफा सहा टक्क्यांच्या खाली गेला तर कंपनीला दर वाढवता येतील. पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर दर उतरवावेच लागतील. ठरावीक काळानं हिशोब विधिमंडळापुढे ठेवायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट: रस्ता खराब झाल्याची तक्रार कुणीही न्यायाधिकाऱ्याकडे नेऊ शकेल, तो परिसरातल्या तीन जमीनधारकांना पाहणीला पाठवेल, आणि त्यांनी रस्ता खराब ठरवला तर दुरुस्ती होईपर्यंत दांडा उघडा, पैसे घ्यायचे नाहीत.

हे 1792 मध्ये लिहिलेलं आहे. खड्ड्यांतून आदळत जाऊन टोलच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसानं हे कलम एकदा वाचावं.

प्रत्यक्षात नफ्याची वरची मर्यादा क्वचितच कामाला आली. अमेरिकेतल्या बहुतेक टर्नपाइक कंपन्यांनी भागधारकांना फार थोडं दिलं. तरी लोकांनी पैसे घातले, कारण त्यांची शेतं, गिरण्या, खानावळी त्याच वाटेवर होत्या. लाभांश नाही मिळाला तरी गिऱ्हाईक आलं. या रस्त्यावर जवळजवळ मैलामैलाला खानावळ झाली. पाओली हे आजचं गाव आणि रेल्वे स्थानक, त्याचं नाव अशाच एका खानावळीवरून पडलेलं आहे.

मग 1834 मध्ये फिलाडेल्फियाहून पश्चिमेला रेल्वे गेली. माल रुळांवर गेला, रस्त्याचं उत्पन्न आटलं, पण दांडे हलले नाहीत, कारण ते कधी उठवायचे हे कुठं लिहिलेलंच नव्हतं. कंपनीनं रस्ता तुकड्यातुकड्यांनी विकला. फिलाडेल्फियापासून पाओलीपर्यंतचा तुकडा 1880 मध्ये रेल्वेतलेच एक बडे अधिकारी अलेक्झांडर कॅसॅट यांच्या कंपनीनं घेतला, आणि तिथली वसुली 1917 मध्ये राज्यानं रस्ता ताब्यात घेईपर्यंत चालू राहिली. म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षं.

मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी बसले होते. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून तिथं हलक्या वाहनांना सूट मिळाली, जड वाहनांना नाही. इथंही वसुली संपण्याच्या दिवसापेक्षा ती कुणासाठी संपली याची चर्चा जास्त झाली.

लोक दांडा मोडतात तेव्हा

टोल चुकवण्यासाठी आडवाट काढणं टोलइतकंच जुनं आहे. अमेरिकेत नाक्याला वळसा घालणाऱ्या वाटांना ‘शनपाइक’ म्हणत, म्हणजे दांडा टाळणारी वाट. पण काही ठिकाणी आडवाटच नव्हती. वेल्समध्ये थोड्या अंतरात इतके नाके झाले की शेताला चुना आणणाऱ्या गरीब शेतकऱ्याला चुन्यापेक्षा टोल महाग पडू लागला. 13 मे 1839 ला एफेलवेन इथला नाका लोकांनी फोडला. पुरुष बायकांचे कपडे घालून, तोंडाला काजळी फासून रात्री येत आणि म्होरक्याला रिबेका म्हणत. बायबलमधल्या रिबेकाला आशीर्वाद आहे की तिचे वंशज शत्रूंच्या वेशी ताब्यात घेतील, तिथून ते नाव. चार-पाच वर्षं हे चाललं. शेवटी 1844 मध्ये कायदा करून दक्षिण वेल्समधली मंडळं एकत्र केली आणि दर उतरवले.

कोल्हापूरकरांना यात नवं काही वाटणार नाही. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला, मोर्चे निघाले, जानेवारी 2014 मध्ये नाके जळाले आणि पुढे सरकारनं तो टोल रद्द केला. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण दोन्हीकडे माणसांची तक्रार एकच होती: घरून निघून घरी पोचायला दुसरी वाटच ठेवलेली नाही आणि पैसे किती वसूल झाले हे कुणी सांगत नाही.

चाकाचा हिशोब अजून संपलेला नाही

1958 ते 1960 या काळात अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात ओटावा इथं, रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. निष्कर्ष असा की आसावरचं वजन वाढलं की रस्त्याची झीज साधारण त्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केलं तर झीज सोळापट. एक टनाच्या मोटारीच्या एका आसावर अर्धा टन येतो, भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन. वीसपट वजन, आणि झीज एक लाख साठ हजारपट.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. मोटारींना सूट देऊन ट्रकला टोल ठेवणं झिजेच्या हिशोबात चुकीचं नाही. मोटारीवाल्यानं मात्र एवढ्यावर खूश होऊ नये, कारण सहा पदरांतले निम्मे पदर त्याच्या गर्दीसाठी बांधले जातात आणि ते कर्ज झिजेच्या हिशोबात येत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. 2018 मध्ये आपल्याकडे चार टायरच्या एका आसावरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. वजन तेरा टक्क्यांनी वाढलं. चौथ्या घातानं झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. आणि जादा माल भरलेले ट्रक तर मर्यादेचाही विचार करत नाहीत. त्यांचं बिल रस्त्यावर पडतं, आणि तेच पुढे आपल्या टोलमध्ये येतं.

लँकेस्टरच्या नाक्यावरचा माणूस पट्टी घेऊन चाकाशी वाकायचा, तो हाच हिशोब करत होता. आजच्या नाक्यावर चालत्या गाडीचं वजन घेणारा काटा बसवता येतो, यंत्र सगळं तयार आहे.

परतायच्या आदल्या संध्याकाळी मुलीला तो दगड दाखवायला नेलं. तिनं वाकून आकडा वाचला, मग रस्त्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘‘बाबा, मी रोज इथूनच ऑफिसला जाते. इथं कधी पैसे घ्यायचे हे मला माहीतच नव्हतं.’’

‘‘1917 पर्यंत घेत होते, अगं,’’ मी म्हटलं. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि दगडावरचं उरलेलं शेवाळ पुसायला बसली.